नायट्रिकमध्ये तीन, सल्फ्युरिकमध्ये चार: आम्लांची नावं आणि रेणुसूत्रं

नववीची_आई

नमस्कार मंडळी. लेक यंदा नववीत आहे, राज्य मंडळ, मराठी माध्यम. आम्ल, आम्लारी आणि क्षारांचा धडा चालू आहे. काल चाचणीची वही घरी आली. प्रश्न होता, 'पुढील आम्लांची रेणुसूत्रे लिहा.' सल्फ्युरिकला एच२एसओ४ लिहिलंय, बरोबरची खूण. त्याच्याखाली नायट्रिकला एचएनओ४, आणि त्या चारभोवती लाल गोल.

मी म्हटलं, अगं ऑक्सिजन तीन असतात, पाठ करून टाक. तर म्हणाली, "आई, दोघांच्या नावात 'इक'च आहे ना? मग एकात चार आणि एकात तीन का? कारण सांग, मग पाठ करते."

मी कॉमर्सची, मला सांगता आलं नाही. वर्गात तिने विचारलं होतं, तिथे 'ते तसंच असतं' एवढंच उत्तर मिळालं. पाठांतराची युक्ती नको आहे, ती तिच्याकडे आहे. कारण हवं आहे. (सूत्रं देवनागरीतच लिहिते, आकडे खाली सरकवता येत नाहीत, समजून घ्या.)

खडूफळा

ताई, लेकीला सांगा की हा प्रश्न अगदी योग्य आहे आणि त्याला उत्तरही आहे. मी ३१ वर्षं माध्यमिकला विज्ञान शिकवलं. हा प्रश्न विचारणारी मुलं थोडी असतात, पण ज्यांनी विचारला ती पुढे रसायनात अडली नाहीत.

आधी नावाचं बघू. आपण चूक कुठे करतो, तर आम्लापासून सुरुवात करतो. सुरुवात मूलकापासून, म्हणजे प्रभार असलेल्या अणूपासून किंवा अणुगटापासून करायची. तिला साधी आणि संयुक्त मूलकं शिकवली असतीलच. सल्फेट, नायट्रेट, कार्बोनेट, फॉस्फेट ही संयुक्त मूलकं, त्यांच्यावरचा ऋणप्रभार ठरलेला. सल्फेटवर दोन, नायट्रेटवर एक, फॉस्फेटवर तीन. आम्ल म्हणजे त्या मूलकाला प्रभार फिटेपर्यंत हायड्रोजन जोडायचे. सल्फेटला दोन जोडले की एच२एसओ४. नायट्रेटला एक, एचएनओ३. फॉस्फेटला तीन, एच३पीओ४. सूत्र इथेच संपलं.

आता नाव. मूलक 'एट'ने संपत असेल तर आम्ल 'इक', मूलक 'आइट'ने संपत असेल तर आम्ल 'अस'. सल्फेटचं सल्फ्युरिक, सल्फाइटचं सल्फ्युरस. नायट्रेटचं नायट्रिक, नायट्राइटचं नायट्रस. आइटवाल्यात एटपेक्षा एक ऑक्सिजन कमी, प्रभार तोच. म्हणून एच२एसओ३, एचएनओ२.

आणि मूलकात ऑक्सिजनच नसेल, नाव 'आइड'ने संपत असेल, तर पुढे 'हायड्रो' आणि मागे 'इक'. क्लोराइडचं हायड्रोक्लोरिक, ब्रोमाइडचं हायड्रोब्रोमिक. मराठीत लिहिताना इथे एका अक्षराने घात होतो: ट आणि ड. नायट्राइट म्हणजे एनओ२, नायट्राइड म्हणजे नुसता नायट्रोजन. घाईत मुलं ड चा ट करतात आणि अख्खं उत्तर फिरतं. मी फळ्यावर ते शेवटचं अक्षर नेहमी रंगीत खडूने लिहायचो.

आता तीन आणि चारचं कारण. 'इक' म्हणजे 'चार ऑक्सिजन' नव्हे. 'इक' ही ऑक्सिजनची संख्या नाहीच, ती मधल्या अणूची अवस्था आहे. सल्फर आवर्तसारणीच्या १६व्या गणात, बाहेरच्या कक्षेत सहा इलेक्ट्रॉन. सल्फ्युरिकमध्ये सल्फरचा ऑक्सिडीकरण अंक (त्याने किती इलेक्ट्रॉन दिले असं धरायचं तो हिशेब) अधिक सहा, म्हणजे त्याचा वरचा टप्पा. नायट्रोजन १५व्या गणात, पाच इलेक्ट्रॉन. नायट्रिकमध्ये त्याचा अंक अधिक पाच, त्याचाही वरचा टप्पा. तिला मोजू द्या: एचएनओ३ मध्ये तीन ऑक्सिजनचे उणे सहा, हायड्रोजनचा अधिक एक, उरले अधिक पाच. तिने लिहिलेल्या एचएनओ४ मध्ये याच हिशेबाने नायट्रोजनला अधिक सात व्हावं लागेल आणि त्याच्याकडे द्यायला आहेत पाचच. त्या लाल गोलाचं खरं कारण हे आहे.

नववीची_आई

सर, मनापासून आभार. रात्री दोघी बसलो आणि तिने स्वतः मोजलं. अधिक सात आल्यावर ओठ मुडपून बसली, मग हसली. पण लगेच पुढचा प्रश्न. फॉस्फरस नायट्रोजनच्याच गणात, त्याचाही अंक अधिक पाच. मग तिथे चार ऑक्सिजन कसे?

खडूफळा

शाब्बास. इथे अणूचा आकार येतो. नायट्रोजन, कार्बन हे दुसऱ्या आवर्तातले (आवर्तसारणीच्या दुसऱ्या आडव्या ओळीतले), चणीने लहान. त्यांच्याभोवती तीन ऑक्सिजन बसतात. नायट्रेट, कार्बोनेट, दोन्हीकडे तीन. फॉस्फरस, सल्फर एक आवर्त खाली, थोराड. त्यांच्याभोवती चार बसतात.

हिशेब मात्र मोडत नाही. एच३पीओ४ मधून पाण्याचा एक रेणू काढा, म्हणजे दोन हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन वजा करा. उरलं एचपीओ३. आता ते एचएनओ३ च्या शेजारी लिहा. जुळी भावंडं! म्हणजे फॉस्फरसने पाणी सामावून घेतलं, नायट्रोजनकडे जागा नव्हती. एचपीओ३ खरंच असतं, त्याला मेटाफॉस्फोरिक म्हणतात, आणि नेहमीच्या फॉस्फोरिकला त्याच्यापासून वेगळं दाखवायला ऑर्थोफॉस्फोरिक.

प्लँटवाला

खडूफळा सर, पाणी काढण्याचा मुद्दा फार आवडला, कारण आमचं रोजचं काम तेच आहे. मी सल्फ्युरिकच्या कारखान्यात शिफ्टला असतो. एसओ३ वायू थेट पाण्यात सोडला तर आम्लाचं धुकं होतं, ते आवरत नाही. म्हणून तो ९८ टक्क्यांच्या आम्लातच शोषून घेतात. त्यातून होतं ते ओलियम. ओलियममधल्या मुख्य रेणूचं सूत्र एच२एस२ओ७. लेकीला सांगा, दोन सल्फ्युरिक घे, एक पाणी काढ, मिळालं. याला पायरोसल्फ्युरिक म्हणतात. पायरो म्हणजे अग्नी, तापवून पाणी घालवल्यावर जी आम्लं मिळाली त्यांच्या नावाला हे लागलं. फॉस्फरसचंही तसंच, एच४पी२ओ७.

आमच्याकडे नवीन मुलगा आला की पहिल्या आठवड्यात त्याला दोनच गोष्टी घोकवतो. पातळ करताना पाण्यात आम्ल ओतायचं, आम्लात पाणी कधीच नाही. आणि टँकरवरचं नाव शेवटच्या अक्षरापर्यंत वाचायचं. तोंडी आपण नुसतं 'एचसीएल' म्हणतो, पण वायू असेल तर तो हायड्रोजन क्लोराइड, पाण्यात विरघळलेला असेल तर हायड्रोक्लोरिक आम्ल. सूत्र एक, नावं दोन, वागणूक वेगळी. कोरडा वायू कोरड्या लिटमसला रंग बदलायला लावत नाही. पाणी आलं की आम्ल झालं. हे शाळेत एकदा करून दाखवलं तर मुलं जन्मात विसरणार नाहीत.

नववीची_आई

प्लँटवाला दादा, धन्यवाद, काळजी घ्या.

सर, आज ती स्वतःच पुस्तक घेऊन आली. क्लोरीन सल्फरच्या शेजारी, त्याच आवर्तात, मग चार बसायला हवेत. बाहेर इलेक्ट्रॉन सात, तर वरचा टप्पा अधिक सात. पण क्लोरिक आम्ल एचसीएलओ३, अंक अधिक पाच. "सरांचा नियम इथे चालत नाही," म्हणते.

जुनी_पानं

या प्रश्नाचं उत्तर रसायनापेक्षा इतिहासात आहे, म्हणून मी लिहिते.

क्लोरीनभोवती चार ऑक्सिजन बसतातच, अंकही अधिक सात होतो. तुमच्या लेकीचं गणित बरोबर आहे. फक्त ते आम्ल हाती यायला उशीर झाला. क्लोरेट, म्हणजे तीन ऑक्सिजनवालं, बर्थोले या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८व्या शतकाच्या अखेरीस बनवलं होतं. चार ऑक्सिजनवालं १९व्या शतकाच्या दुसऱ्या दशकात सापडलं. तोवर क्लोरिक हे नाव दिलं जाऊन रुळलं होतं. मग वरच्यासाठी पुढे 'पर' जोडून परक्लोरिक केलं. 'पर' म्हणजे पलीकडचं. खालच्या बाजूलाही असंच. क्लोरस एचसीएलओ२, त्याच्याही खाली एक सापडलं, त्याला 'हायपो', म्हणजे खालचं. हायपोक्लोरस, एचसीएलओ. घरात थोरल्या-धाकट्याची नावं ठेवून झाल्यावर आणखी दोन भावंडं आली, एक वर आणि एक खाली, असं समजा.

आता या सगळ्या नावांच्या मुळाशी असलेली एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. 'इक' आणि 'अस' ही पद्धत १७८७ मध्ये पॅरिसमध्ये चौघांनी मिळून मांडली: गितों द मोर्व्हो, लवाझिए, बर्थोले आणि फुर्क्र्वा. त्याआधी आम्लांची नावं जिथून ती मिळत त्यावरून असत. हिराकस तापवून मिळायचं ते हिराकसाचं तेल, शोऱ्यापासून ते शोऱ्याचं तेजाब. आपल्या गंधकाम्ल आणि नत्राम्ल या जुन्या शब्दांत मूलद्रव्य कळतं, पण ऑक्सिजन जास्त की कमी ते कळत नाही. या चौघांनी नावातच ते बसवलं.

पण लवाझिएची एक समजूत होती की आम्लपणा ऑक्सिजनमुळे येतो. म्हणून तर त्याने नाव दिलं ऑक्सिजन, ग्रीकमध्ये 'आम्ल घडवणारा'. मग मिठापासून मिळणाऱ्या हायड्रोक्लोरिक आम्लातही ऑक्सिजन असलाच पाहिजे, असं सगळे धरून चालले. १८१० मध्ये हंफ्री डेव्हीने दाखवलं की क्लोरीन हे मूलद्रव्य आहे आणि त्या आम्लात ऑक्सिजनचा मागमूस नाही. तिथे होता हायड्रोजन, म्हणून नावात 'हायड्रो' आलं. पुढे १८३८ मध्ये लीबिगने आम्लाची व्याख्याच हायड्रोजनवरून केली: धातू ज्याची जागा घेऊ शकतो असा हायड्रोजन ज्यात आहे ते आम्ल. म्हणजे 'आम्ल घडवणारा' हे नाव खरं तर हायड्रोजनला शोभलं असतं. आपल्या मराठीने प्राणवायू हा शब्द घेतला, त्यात ही चूक शिरलीच नाही, याचा मला फार आनंद वाटतो.

काळी_खोली

'हायपो' वाचून थबकलो. आमचा फोटो स्टुडिओ होता, वडिलांचा आणि मग माझा, रोल बंद होईपर्यंत. डार्करूममध्ये फिक्सरला, म्हणजे फोटो पक्का करणाऱ्या रसायनाला, आम्ही हायपोच म्हणायचो. साखरेच्या मोठ्या खड्यांसारखे पांढरे खडे, बादलीत टाकून लाकडी पट्टीने ढवळायचे. ढवळताना बादली बाहेरून गार पडायची, मे महिन्यातसुद्धा हाताला बरं वाटायचं. तो हायपो म्हणजे हायपोक्लोरस का?

जुनी_पानं

काका, नाही, तो वेगळा. तुमचे खडे सोडियम थायोसल्फेटचे, एनए२एस२ओ३. पूर्वी त्याला सोड्याचा हायपोसल्फाइट म्हणत, त्याचा लाडका तुकडा 'हायपो' स्टुडिओत राहिला. चांदीचे क्षार त्यात विरघळतात हे जॉन हर्शेलने १८१९ मध्ये पाहिलं, तेव्हा फोटोग्राफी अजून जन्मालाही यायची होती. बरोबर नाव थायोसल्फेट. सल्फेटमधला एक ऑक्सिजन काढून त्या जागी सल्फर बसवला की नावाला 'थायो' लागतं. एसओ४ चं एस२ओ३ झालं, प्रभार तोच उणे दोन.

त्याचं आम्ल लिहायला लेकीला सांगा. एट आहे म्हणून इक, दोन हायड्रोजन, थायोसल्फ्युरिक, एच२एस२ओ३. पण ते पाण्यात टिकत नाही. तुमच्या हायपोत कधी जास्त आम्ल पडलं असेल तर आठवतंय का काय व्हायचं?

काळी_खोली

दुधासारखं पांढरं व्हायचं! आणि काडेपेटीसारखा वास. वडील ते ओतून द्यायला लावायचे, म्हणायचे 'हायपो फाटला'. तो सल्फर सुटत होता होय. चाळीस वर्षांनी कळलं. मंडळ आभारी आहे.

आडावरचा

मी गावात नळपाणी योजनेचं काम बघतो. वर हायपोक्लोरसचा उल्लेख आला म्हणून लिहितो. आम्ही टाकीत टीसीएल पावडर टाकतो. ती बादलीत कालवायची, गाळ खाली बसू द्यायचा आणि वरची निवळी टाकीत सोडायची. अर्ध्या तासाने नळाचं पाणी नळीत घेऊन ओटीचे (ऑर्थोटोलिडिनचे) थेंब टाकायचे. पिवळं झालं तर क्लोरीन शिल्लक आहे. शेवटच्या नळाला लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम तरी राहायला पाहिजे. प्रशिक्षणात एवढं सांगितलं. जंतू नेमके कशाने मरतात, ते सांगितलं नाही. ते हेच आम्ल का?

खडूफळा

दादा, हेच. टीसीएल ही ब्लीचिंग पावडर, तिच्यात कॅल्शियम हायपोक्लोराइट. पाण्यात त्याचं हायपोक्लोरस आम्ल होतं, एचसीएलओ. जंतू मारण्याचं मुख्य काम तेच करतं. हे आम्ल दुबळं आहे आणि इथे ते दुबळं असणंच कामाचं. त्याचा हायड्रोजन सुटला की उरतो हायपोक्लोराइट आयन, तो जंतूंवर तितका जोरात चालत नाही. हायड्रोजन जागेवर असलेला अख्खा रेणू जंतूच्या आत सहज शिरतो. म्हणून फार आम्लारिधर्मी पाण्यात तीच पावडर कमी काम करते. आणि पिशवी उघडी ठेवू नका, दमट हवेत तिच्यातला क्लोरीन महिन्यागणिक उतरतो. तुम्ही करता ते काम मोठं आहे.

ताई, ही चार भावंडं लेकीला ओळीने लिहू द्या: एचसीएलओ, एचसीएलओ२, एचसीएलओ३, एचसीएलओ४. पहिलं दुबळं, शेवटचं अतिशय तीव्र. एकेक ऑक्सिजन वाढला की तो इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढतो आणि हायड्रोजनवरची पकड सैल होते.

नववीची_आई

लिहिली, आणि भिंतीला लावली. आता माझाच प्रश्न. पुस्तकात 'फॉस्फरस' मूलद्रव्य आणि 'फॉस्फरस आम्ल' दोन्ही एकाच तऱ्हेने छापलेलं दिसतं. चूक आहे का?

खडूफळा

चूक नाही, देवनागरीत दोन्ही सारखीच दिसतात. इंग्रजीत स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक आहे, उच्चारात जवळजवळ नाही. म्हणून मी नेहमी 'आम्ल' शब्द जोडूनच लिहायला लावतो. 'आर्सेनिक'चं तसंच. आणि एचआयओ४ पर-आयोडिक, इंग्रजी स्पेलिंग सारखं असलं तरी त्याचा पिरिऑडिक टेबलशी काही संबंध नाही.

पण फॉस्फरस आम्लाचा विषय काढलात तर एक सांगतो, कारण इथे हुशार मुलंही फसतात. सूत्र एच३पीओ३. तीन हायड्रोजन दिसतात म्हणून आम्लारिधर्मता, म्हणजे सुटू शकणाऱ्या हायड्रोजनची संख्या, तीन लिहितात. ती दोन आहे. त्यातला एक हायड्रोजन थेट फॉस्फरसला चिकटलेला असतो, तो सुटत नाही. ऑक्सिजनला जोडलेलाच हायड्रोजन आम्लाचा. हायपोफॉस्फरस, एच३पीओ२, तिथे तर एकच सुटतो.

आणि बोरिक आम्ल, एच३बीओ३. तुमच्या घरात कॅरम असेल तर त्याची पावडर हेच. तिथे तिन्ही हायड्रोजन ऑक्सिजनला जोडलेले, तरी आम्लारिधर्मता एक! कारण ते स्वतःचा हायड्रोजन सोडतच नाही. पाण्याच्या रेणूतला ओएच आपल्याकडे घेतं आणि पाण्याचा हायड्रोजन मोकळा होतो. सूत्र माहीत असणं आणि रेणू कसा जोडलाय ते माहीत असणं, यातलं अंतर दाखवायला मला याहून चांगलं उदाहरण मिळालं नाही.

कसोटी

सोनाराच्या घरातली, म्हणून एक भर. कसोटीवर दागिना घासून नायट्रिकचा थेंब टाकला की पितळेची रेघ पुसली जाते, सोन्याची राहते. सोनं विरघळवायला आम्लराज लागतं, तीन भाग हायड्रोक्लोरिक, एक भाग नायट्रिक. त्यातून जे होतं त्याला क्लोरोऑरिक आम्ल म्हणतात, एचएयूसीएल४. ऑक्सिजन नाही, तरी नावात 'हायड्रो' नाही. हे कोणत्या नियमात बसवायचं?

खडूफळा

मूलकाच्या. ऋण मूलक क्लोरोऑरेट, सोन्याभोवती चार क्लोरीन, प्रभार एक. एट म्हणून इक. ऑक्सिजन असायलाच हवा अशी अट 'एट'ला नाही, मधल्या अणूभोवती काहीतरी जोडलेलं असलं की पुरतं. 'हायड्रो' फक्त आइडवाल्यांना. छान उदाहरण दिलंत.

नववीची_आई

शेवटचं विचारते. तिने क्लोरीनचा तक्ता तसाच्या तसा ब्रोमीनला लावला: हायपोब्रोमस, ब्रोमस, ब्रोमिक, परब्रोमिक. फ्लोरीनलाही लावला. मग स्वतःच थांबली आणि म्हणाली, "ही खरंच असतात, की मी नियमाने बनवली?" पुस्तकात सापडत नाहीत.

जुनी_पानं

फ्लोरीनचा तक्ता पुसायला सांगा. फ्लोरिक, परफ्लोरिक अशी आम्लं नाहीत, कारण फ्लोरीन ऑक्सिजनपुढे इलेक्ट्रॉन सोडत नाही. एकच, एचओएफ, तेही १९७१ मध्ये पहिल्यांदा वेगळं करता आलं.

ब्रोमीनचा राहू द्या. परब्रोमिकवर रसायनशास्त्रज्ञ शंभराहून जास्त वर्षं अडले होते. ते का बनत नाही याची कारणंसुद्धा लिहिली गेली. १९६८ मध्ये इव्हान अ‍ॅपलमन यांनी अमेरिकेतल्या अरगॉन प्रयोगशाळेत ते करून दाखवलं, आणि कसं, ते तिला नक्की सांगा. त्यांनी सेलेनेट घेतलं, सेलेनियमभोवती चार ऑक्सिजन. हा सेलेनियम किरणोत्सारी होता, सेलेनियम ८३. त्याच्या केंद्रकातून एक इलेक्ट्रॉन बाहेर पडला (बीटा क्षय) आणि जागच्या जागी ब्रोमीन झाला. भोवतालचे चार ऑक्सिजन होते तिथेच राहिले. सेलेनेटचं परब्रोमेट! पुढे फ्लोरीन वापरून तेच जास्त प्रमाणात बनवता आलं.

नववीची_आई

तिला वाचून दाखवलं. सेलेनेटचं आम्ल तिने न विचारता लिहिलं, एच२एसई​ओ४, सेलेनिक. तक्त्यातली फ्लोरीनची ओळ खोडली. ब्रोमीनच्या ओळीत एचबीआरओ४ च्या पुढे कंसात १९६८ लिहिलंय, आणि आता बाकीच्या प्रत्येक सूत्रापुढे साल हवंय म्हणते.